फाइललाच विचारा, ती कुठे आहे : मॅक्रोमधून शीटच्या फोल्डरचा पत्ता काढण्याची सविस्तर पद्धत

एका दूध संस्थेच्या बिलांची एक्सेल फाइल मी काही वर्षं सांभाळत होतो. दहा दिवसांचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) एका फाइलमध्ये आणि दरपत्रक वेगळ्या फाइलमध्ये. बिलाच्या फाइलमधला मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणारा छोटा कोड, दरपत्रक उघडायचा, दर उचलायचा आणि बिल काढायचा. दरपत्रकाचा पत्ता मी कोडमध्ये पक्का लिहून ठेवला होता : डी ड्राइव्ह, त्यात डेअरीचं फोल्डर, त्यात दरपत्रक.

पुढे सगळ्या फाइल्स नव्या फोल्डरमध्ये हलवल्या. जुनं फोल्डर ‘असू दे’ म्हणून तसंच राहिलं. मग दर बदलले. आम्ही नव्या फोल्डरमधलं दरपत्रक दुरुस्त केलं आणि मॅक्रो मात्र जुन्या फोल्डरमधलंच दरपत्रक उघडत राहिला. एरर नाही, काही नाही. दहा दिवसांची बिलं जुन्या दराने निघाली. एका सभासदाने घरी वहीवर हिशेब मांडला तेव्हा फरक सापडला. सगळी बिलं पुन्हा काढावी लागली.

तेव्हापासून मी कुठल्याही मॅक्रोत फोल्डरचा पत्ता हाताने लिहीत नाही. फाइल स्वतः कुठे ठेवली आहे हे तिला ठाऊक असतं आणि तिला ते विचारता येतं. विचारायला एक ओळ पुरते. पण त्या ओळीच्या आसपास चार-पाच ठिकाणी ठेच लागते, आणि मराठी नावांची फोल्डर्स वापरणाऱ्यांना त्यातली एक हमखास लागते. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कोड वाचताना एवढं लक्षात ठेवा

खाली कोडमधले शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. ‘धिसवर्कबुक’ हा जोडून लिहिलेला एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही. ‘एमएसजीबॉक्स’ म्हणजे एम, एस, जी आणि पुढे बॉक्स. ‘करडिर’ म्हणजे सी-यू-आर-डी-आय-आर. ‘एन्व्हायरन’ म्हणजे ई-एन-व्ही-आय-आर-ओ-एन. कोडमधले मराठी आकडेही कीबोर्डवरच्या नेहमीच्या अंकांनीच टाका.

स्पेलिंग तपासायचा एक सोपा उपाय आहे. कोड सगळा लहान लिपीत टाइप करा आणि एंटर दाबा. एडिटरला, म्हणजे मॅक्रो लिहायच्या खिडकीला, शब्द ओळखू आला तर त्यातली योग्य अक्षरं तो आपोआप मोठी करतो. शब्द लहानच राहिला तर स्पेलिंग चुकलं आहे असं समजा. शिवाय ‘धिसवर्कबुक’ लिहून टिंब दिलं की पुढच्या शब्दांची यादी खाली उघडते, त्यातून ‘पाथ’ निवडता येतो. अर्धा शब्द लिहून कंट्रोल आणि स्पेसबार दाबला तरी एडिटर तो पूर्ण करतो किंवा पर्याय दाखवतो.

तीन वेगवेगळे पत्ते

‘चालू फोल्डर’ म्हटलं की आपल्या मनात एकच गोष्ट असते : ही फाइल जिथे ठेवली आहे ते फोल्डर. एक्सेलच्या मनात तीन असतात. बहुतेक घोटाळे याच गैरसमजातून होतात, म्हणून कोड लिहिण्याआधी हे तीन पत्ते वेगळे करून घेऊ.

पहिला, धिसवर्कबुक.पाथ. ज्या फाइलमध्ये हा मॅक्रो लिहिला आहे त्या फाइलचं फोल्डर. पडद्यावर दुसरी कुठलीही फाइल समोर असली तरी याचं उत्तर बदलत नाही. दहातल्या नऊ वेळा आपल्याला हेच हवं असतं.

दुसरा, अ‍ॅक्टिव्हवर्कबुक.पाथ. या क्षणी जी फाइल समोर आहे तिचं फोल्डर. मॅक्रोने दरपत्रक उघडलं की दरपत्रक समोर येतं, आणि पुढच्याच ओळीपासून हे उत्तर दरपत्रकाच्या फोल्डरचं होतं. दोन्ही फाइल्स एकाच फोल्डरमध्ये आहेत तोवर चूक लपून राहते. एक फाइल हलवली की उघडी पडते. हा पर्याय तेव्हाच वापरा जेव्हा मॅक्रो तुमच्या वैयक्तिक मॅक्रो फाइलमध्ये किंवा अ‍ॅड-इनमध्ये आहे आणि समोर उघडलेल्या कुठल्याही फाइलवर चालवायचा आहे. तिथे धिसवर्कबुक विचारलंत तर उत्तर त्या वैयक्तिक फाइलच्याच फोल्डरचं मिळेल.

तिसरा, करडिर. हे एक्सेल या प्रोग्रामचं चालू फोल्डर, तुमच्या फाइलशी त्याचा संबंध नाही. एक्सेल सुरू होताना ते सहसा ऑप्शन्समध्ये ठरवलेल्या नेहमीच्या सेव्ह फोल्डरवर असतं, आणि ओपनच्या खिडकीतून तुम्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल उघडली की बदलतं. आता गंमत बघा : मॅक्रोत पत्ता न देता नुसतं फाइलचं नाव लिहून ती उघडायला सांगितलं, तर एक्सेल ती याच फोल्डरमध्ये शोधतं. म्हणून ‘सकाळी चालला, दुपारी नाही’ असा प्रकार होतो. सकाळी ओपनच्या खिडकीतून तुम्ही योग्य फोल्डरमध्ये गेला होतात, दुपारी फाइलवर डबलक्लिक केलंत.

काही जण यावर तोडगा म्हणून ‘सीएचडिर’ने चालू फोल्डर बदलतात. तो आदेश ड्राइव्ह बदलत नाही, त्यासाठी आधी ‘सीएचड्राइव्ह’ लागतो. ऑफिसच्या नेटवर्कवरचा दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पत्ता दिला तर तिथे काम अडतं. शिवाय प्रोग्रामचं चालू फोल्डर बदलल्याने दुसरे मॅक्रोही गोंधळतात. माझं मत स्पष्ट आहे : करडिर आणि सीएचडिर या कामासाठी वापरूच नका.

तयारी

रिबनवर डेव्हलपर टॅब नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या वाटेने जाऊन उजवीकडच्या यादीत डेव्हलपरवर खूण करा. किंवा सरळ ऑल्ट आणि एफ११ दाबा, एडिटर उघडतो. लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएनची कळही सोबत दाबावी लागते.

फाइल मॅक्रो ठेवू शकणाऱ्या प्रकारातच सेव्ह करा. सेव्ह अ‍ॅजमध्ये ‘एक्सेल मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडायचं, मागचं शेपूट एक्सएलएसएम असतं. साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केलंत तर एक्सेल इशारा देऊन मॅक्रो टाकून देतं, आणि तो इशारा न वाचता ‘येस’ दाबणारे पुष्कळ आहेत.

फाइल मेलवरून किंवा इंटरनेटवरून आली असेल तर मॅक्रो चालणारच नाही. २०२२ पासून ऑफिसने अशा फाइल्समधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. फाइल भरवशाच्या माणसाकडून आली आहे याची खात्री असेल तरच फाइल एक्सप्लोररमध्ये तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’चा चौकोन दिसेल, त्यावर खूण करून ओके म्हणा.

पहिली ओळ

एडिटरमध्ये कंट्रोल आणि जी दाबा. खाली इमीजिएट विंडो उघडेल. तिथे प्रश्नचिन्ह, एक जागा आणि पुढे हे लिहून एंटर दाबा :

? धिसवर्कबुक.पाथ

खालच्या ओळीवर फोल्डरचा पत्ता येईल. मॉड्यूल नको, बटण नको. मग एकामागून एक हेही विचारून बघा :

? धिसवर्कबुक.नेम
? धिसवर्कबुक.फुलनेम
? अ‍ॅक्टिव्हवर्कबुक.पाथ
? करडिर

नेम म्हणजे नुसतं फाइलचं नाव, फुलनेम म्हणजे फोल्डर आणि नाव एकत्र. एका वेळी दोन फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमधून उघडा, एकीकडून दुसरीकडे जा आणि हे प्रश्न पुन्हा विचारा. वरचे तीन पत्ते वेगळे का, हे दोन मिनिटांत डोळ्यांना दिसेल. शिकवताना मी ही पायरी कधी गाळत नाही.

उत्तराच्या शेवटी बॅकस्लॅश नसतो हेही इथेच बघून ठेवा. पाथच्या मागे नुसतं फाइलचं नाव चिकटवलं तर ‘डेअरी’ आणि ‘दरपत्रक’ मिळून ‘डेअरीदरपत्रक’ असं काहीतरी तयार होतं आणि फाइल सापडत नाही. नव्याने शिकणाऱ्यांची ही सगळ्यांत नेहमीची चूक.

कायम वापरायचं फंक्शन

एडिटरमध्ये इन्सर्ट, मग मॉड्यूल. उघडलेल्या पांढऱ्या जागेत हे लिहा. ‘माझाफोल्डर’ हे नाव मी दिलेलं आहे, तुम्ही रोमन अक्षरांत हवं ते द्या.

पब्लिक फंक्शन माझाफोल्डर() अ‍ॅज स्ट्रिंग
डिम पी अ‍ॅज स्ट्रिंग
डिम एस अ‍ॅज स्ट्रिंग
पी = धिसवर्कबुक.पाथ
एस = अ‍ॅप्लिकेशन.पाथसेपरेटर
इफ पी = "" देन एक्झिट फंक्शन
इफ राइट(पी, १) <> एस देन पी = पी & एस
माझाफोल्डर = पी
एंड फंक्शन

नवी फाइल उघडून अजून सेव्हच केली नसेल तर तिला फोल्डर नाही, आणि पाथचं उत्तर रिकामं येतं. एरर येत नाही, नुसतं रिकामं. त्याच्यापुढे बॅकस्लॅश आणि नाव जोडलं तर पत्ता ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन पडतो. म्हणून उत्तर रिकामं असेल तर फंक्शन तिथेच थांबतं आणि रिकामंच परत देतं.

पाथसेपरेटर म्हणजे पत्त्यातली विभागणारी खूण. विंडोजवर ती बॅकस्लॅश, आजच्या मॅकवर साधा स्लॅश. एक्सेललाच ती विचारली की दोन्हीकडे चालतं. आणि पत्त्याच्या शेवटी ती खूण आधीच असेल तर दुसऱ्यांदा लागू नये, म्हणून शेवटचं अक्षर बघून मगच जोडायची.

हेच फंक्शन शीटवरच्या खान्यातही बरोबरचं चिन्ह देऊन वापरता येतं. फक्त फाइल दुसरीकडे सेव्ह अ‍ॅज केली तरी तो खाना आपणहून बदलत नाही. तसं हवं असेल तर फंक्शनमध्ये पहिली ओळ म्हणून ‘अ‍ॅप्लिकेशन.व्होलटाइल’ टाका.

शेजारची फाइल उघडणं

आता मूळ काम. बिलाच्या फाइलच्या पहिल्या शीटवर बी२ या खान्यात दरपत्रकाच्या फाइलचं नाव शेपटासकट लिहा. नाव कोडमध्ये न लिहिता खान्यात का, ते पुढच्या भागात कळेल.

सब दरपत्रकउघडा()
डिम एफ अ‍ॅज स्ट्रिंग
डिम एफएसओ अ‍ॅज ऑब्जेक्ट
डिम डब्ल्यूबी अ‍ॅज वर्कबुक
एफ = माझाफोल्डर()
इफ एफ = "" देन
एमएसजीबॉक्स "आधी फाइल सेव्ह करा"
एक्झिट सब
एंड इफ
एफ = एफ & धिसवर्कबुक.वर्कशीट्स(१).रेंज("बी२").व्हॅल्यू
सेट एफएसओ = क्रिएटऑब्जेक्ट("स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टिमऑब्जेक्ट")
इफ नॉट एफएसओ.फाइलएक्झिस्ट्स(एफ) देन
धिसवर्कबुक.वर्कशीट्स(१).रेंज("बी३").व्हॅल्यू = एफ
एमएसजीबॉक्स "फाइल सापडली नाही, बी३ बघा"
एक्झिट सब
एंड इफ
सेट डब्ल्यूबी = वर्कबुक्स.ओपन(फाइलनेम:=एफ, रीडओन्ली:=ट्रू)
धिसवर्कबुक.वर्कशीट्स(१).रेंज("बी३").व्हॅल्यू = डब्ल्यूबी.फुलनेम
एंड सब

अवतरणात लिहिलेल्या ‘स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टिमऑब्जेक्ट’ला आणि त्यावर अवलंबून असलेल्या ‘फाइलएक्झिस्ट्स’ला एडिटर मदत करत नाही, अक्षरं मोठी होत नाहीत. ते स्पेलिंग स्वतः तपासा. संदेश रोमन अक्षरांतच लिहा.

फाइल आहे का हे आधी तपासतो आणि नसेल तर जिथे शोधली तो पूर्ण पत्ता बी३ मध्ये लिहितो. ‘फाइल सापडली नाही’ एवढ्याने समोरच्याचं काही भागत नाही, कुठे शोधली हे कळलं की तो स्वतः दुरुस्त करू शकतो. फाइल सापडली तरीही बी३ मध्ये पत्ता लिहितोच, कारण चुकीची फाइल शांतपणे उघडली जाणं हा सापडली नसण्यापेक्षा मोठा धोका आहे. दरपत्रक केवळ वाचण्यासाठी उघडलं आहे, कुणाच्या हातून चुकून दर बदलू नये म्हणून.

एक अडचण कधीमधी येईल. त्याच नावाची पण दुसऱ्या फोल्डरमधली फाइल आधीच उघडी असेल तर एक्सेल दुसरी उघडायला नकार देतं आणि एरर येते. एका नावाच्या दोन फाइल्स एक्सेलमध्ये एका वेळी उघडत नाहीत. अशी एरर आली की आधी उघडी असलेली फाइल कुठली आहे ते नीट बघा. माझ्या वेळी हीच एरर आली असती तर जुनं दरपत्रक तिथल्या तिथे सापडलं असतं.

मराठी नावांची फोल्डर्स

आता या लेखातला सगळ्यांत गरजेचा भाग. तुमच्या फोल्डरचं नाव ‘दूध बिले’ आहे असं समजा. इमीजिएट विंडोत पाथ विचारलात तर उत्तरात त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. एमएसजीबॉक्समध्येही तेच. बहुतेक जण इथे घाबरून फोल्डरला रोमन नाव देऊन टाकतात. त्याची गरज नाही.

प्रश्नचिन्हं दाखवण्यात आहेत, पत्त्यात नाहीत. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, एक्सेलमध्ये १९९३ साली आलं आणि त्याचा एडिटर आजही जुन्या पद्धतीच्या, प्रत्येक भाषेच्या मर्यादित अक्षरसंचावर चालतो. रशियन किंवा जपानीसाठी विंडोजमध्ये तसा जुना अक्षरसंच आहे. देवनागरीसाठी कधी बनलाच नाही, आपली लिपी विंडोजमध्ये थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या एकाच अक्षरसंचातून, आली. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश मराठी केला तरी त्या जुन्या खिडकीत मराठी दिसत नाही. पण मॅक्रोच्या पोटातला मजकूर युनिकोडच असतो. खात्री करायची असेल तर पत्ता खान्यात लिहून बघा :

धिसवर्कबुक.वर्कशीट्स(१).रेंज("बी४").व्हॅल्यू = धिसवर्कबुक.पाथ

खान्यात ‘दूध बिले’ स्वच्छ दिसेल. हाच पत्ता वर्कबुक्स.ओपनला दिला की फाइलही उघडते.

खरी अडचण आहे ती व्हीबीएच्या जुन्या आदेशांची. फाइल आहे का बघणारा ‘डिर’, फोल्डर बनवणारा ‘एमकेडिर’, फाइल पुसणारा ‘किल’, मजकुराची फाइल लिहिणारा ‘ओपन फॉर आउटपुट’, हे सगळे त्याच जुन्या अक्षरसंचातून जातात. देवनागरी पत्ता दिला की त्यांच्या हाती प्रश्नचिन्हं लागतात आणि ते अडतात. मॅक्रो शिकवणाऱ्या बहुतेक ठिकाणी फाइल तपासायला डिरच सांगतात, कारण लिहिणाऱ्यांच्या फोल्डरची नावं रोमन असतात. आपण फाइलसिस्टिमऑब्जेक्ट वापरायचं. त्याला युनिकोड कळतं. त्याच्याकडे फाइलएक्झिस्ट्स आहे, फोल्डरएक्झिस्ट्स आहे, क्रिएटफोल्डर आहे, आणि गेटफोल्डरने फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्सवरून फिरता येतं. मजकुराची फाइल बनवायची तर क्रिएटटेक्स्टफाइलला पत्त्यानंतर दोनदा ट्रू द्या. पहिला ट्रू जुन्या फाइलवर लिहायची परवानगी देतो, दुसरा फाइल युनिकोडमध्ये बनवतो. दुसरा विसरलात तर आतलं मराठी जात नाही. हे साधन मॅकवर नाही, एवढी एक मर्यादा.

कोडच्या खिडकीत ‘दरपत्रक’ असं देवनागरीत टाइप करायला गेलात तर तिथेही प्रश्नचिन्हंच उमटतात, आणि इथली प्रश्नचिन्हं मात्र खरी असतात, मूळ अक्षर गेलेलं असतं. म्हणून फाइलचं नाव आपण बी२ खान्यात ठेवलं. खान्यात मराठी नीट राहतं, मॅक्रो तिथून उचलतो, आणि पुढच्या वर्षी नाव बदललं तर कोड उघडायची गरज पडत नाही. अगदीच कोडमध्ये हवं असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ने एकेक अक्षर आकड्यातून बनवता येतं :

सीएचआरडब्ल्यू(२३४२) & सीएचआरडब्ल्यू(२३७०) & सीएचआरडब्ल्यू(२३४३)

हा झाला ‘दूध’. द, दीर्घ ऊकार आणि ध असे तीन आकडे. एखाद्या शब्दापुरतं ठीक आहे.

वनड्राइव्हची भानगड

कधी कधी पाथ विचारल्यावर सी किंवा डी ड्राइव्हऐवजी एचटीटीपीएसने सुरू होणारा वेबचा पत्ता येतो. तुम्ही तर फाइल डेस्कटॉपवर ठेवली होती. झालेलं असतं असं की विंडोजने वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा, बॅकअप सुरू करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर्स वनड्राइव्हच्या आत नेलेली असतात. फाइल तुमच्या डिस्कवरही असते, पण एक्सेल तिची ओळख वेबच्या पत्त्याने सांगतं.

वर्कबुक्स.ओपनला असा पत्ता चालतो. डिरला चालत नाही, बहुधा ५२ नंबरची एरर देतो. फाइलसिस्टिमऑब्जेक्ट ‘फाइल नाही’ म्हणतं. आणि आपलं माझाफोल्डर त्या वेबच्या पत्त्यामागे बॅकस्लॅश जोडतं, जो तिथे चुकीचा आहे.

सगळ्यांत निर्धोक उपाय म्हणजे हिशेबाच्या अशा फाइल्स वनड्राइव्हबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवणं, म्हणजे डी ड्राइव्हवर किंवा सी ड्राइव्हवर स्वतः बनवलेल्या फोल्डरमध्ये, आणि बॅकअप वेगळा घेणं. मी हेच सुचवतो. ते शक्य नसेल आणि वनड्राइव्ह घरगुती खात्याचं असेल, तर पत्ता बदलून घेता येतो. त्या पत्त्यात आधी साइटचं नाव, मग खात्याचा लांबलचक क्रमांक आणि मग फोल्डर्स असतात. चौथ्या स्लॅशच्या पुढचा भाग आपला, अलीकडचा भाग काढून त्या जागी डिस्कवरच्या वनड्राइव्ह फोल्डरचा पत्ता बसवायचा. माझाफोल्डरच्या सुरुवातीला डिमच्या ओळींमध्ये ‘डिम टी अ‍ॅज व्हेरिअंट’ वाढवा आणि पी रिकामं आहे का हे तपासल्यानंतर लगेच हे घाला :

इफ एलकेस(लेफ्ट(पी, ४)) = "एचटीटीपी" देन
टी = स्प्लिट(पी, "/", ५)
पी = एन्व्हायरन("वनड्राइव्ह")
इफ यूबाउंड(टी) = ४ देन पी = पी & "\" & रिप्लेस(टी(४), "/", "\")
एंड इफ

स्प्लिटला ५ सांगितलं की तो पत्त्याचे जास्तीत जास्त पाच तुकडे करतो आणि पाचव्यात उरलेलं सगळं अखंड राहतं. मोजणी शून्यापासून, म्हणून पाचवा तुकडा टी(४). फाइल वनड्राइव्हच्या अगदी मुळाशी असेल तर पाचवा तुकडा नसतो, म्हणून यूबाउंडची तपासणी.

कंपनीच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर हा कोड वापरू नका. तिथल्या शेअरपॉइंटच्या पत्त्याची रचना वेगळी असते आणि कोड चुकीच्या जागी तोडेल. तिथे फाइल साध्या फोल्डरमध्ये ठेवणं हाच सरळ मार्ग.

याच जातीची आणखी एक गोष्ट. झिप न सोडवता आतली फाइल डबलक्लिकने उघडली किंवा मेलमधली फाइल तिथूनच उघडली, तर पाथ तात्पुरत्या फोल्डरचा येतो. शेजारी दरपत्रक नसतं. उत्तरात ‘टेम्प’ दिसलं की आधी झिप पूर्ण सोडवा आणि मग फाइल उघडा.

मॅक्रोशिवाय

नुसता पत्ता शीटवर दाखवायचा असेल तर सूत्रानेही भागतं :

=लेफ्ट(सेल("फाइलनेम",ए१),फाइंड("[",सेल("फाइलनेम",ए१))-१)

सेलचं सूत्र फोल्डर, चौकटी कंसात फाइलचं नाव आणि पुढे शीटचं नाव देतं. कंसाच्या अलीकडचा भाग कापला की बॅकस्लॅशसकट फोल्डर उरतं. ए१ लिहायला विसरू नका. ते गाळलं तर सूत्र शेवटी ज्या खान्यात बदल झाला त्याच्या फाइलचा पत्ता देतं, आणि दोन फाइल्स उघड्या असल्या की उत्तर भलतंच येतं. फाइल सेव्ह केलेली नसेल तर सूत्र एरर दाखवतं.

लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर

कॅल्कच्या बेसिकमध्ये शब्द वेगळे आहेत. टूल्स, मॅक्रोज, ऑर्गनाइझ मॅक्रोज, बेसिक या वाटेने जाऊन नवा मॅक्रो उघडा. सध्याच्या फाइलला इथे ‘धिसकम्पोनंट’ म्हणतात आणि तिचा पत्ता यूआरएलच्या रूपात मिळतो.

सब फोल्डरदाखवा()
डिम यू अ‍ॅज स्ट्रिंग
इफ नॉट धिसकम्पोनंट.हॅजलोकेशन() देन
एमएसजीबॉक्स "आधी फाइल सेव्ह करा"
एक्झिट सब
एंड इफ
ग्लोबलस्कोप.बेसिकलायब्ररीज.लोडलायब्ररी("टूल्स")
यू = डिरेक्टरीनेमआउटऑफपाथ(धिसकम्पोनंट.यूआरएल, "/")
एमएसजीबॉक्स कन्व्हर्टफ्रॉमयूआरएल(यू)
एंड सब

हॅजलोकेशन हे फाइल सेव्ह झाली आहे का ते सांगतं. डिरेक्टरीनेमआउटऑफपाथ हे काम लिबरऑफिससोबत येणाऱ्या टूल्स लायब्ररीतलं आहे, म्हणून आधी ती लायब्ररी लोड करायची. न केल्यास ‘असं काही नाही’ म्हणून एरर येते.

यूआरएल तशीच छापून बघितली तर मराठी फोल्डरच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ दिसेल. एकेका अक्षरखुणेमागे टक्क्याचे तीन तुकडे, कारण देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. कन्व्हर्टफ्रॉमयूआरएल ती माळ सोडवून वाचता येणारा पत्ता देतं, उलट दिशेला कन्व्हर्टटूयूआरएल आहे. दुसरी फाइल मॅक्रोतून उघडायची तर कॅल्कला यूआरएलच लागते, तेव्हा उघडण्यासाठी यूआरएल ठेवा आणि माणसाला दाखवण्यासाठी सोडवलेला पत्ता. एक सुख इथे आहे : कॅल्कच्या एडिटरमध्ये मराठी मजकूर सरळ टाइप होतो, संदेशातही नीट दिसतो.

चाचणी

मॅक्रो लिहून झाला की बिलाची फाइल आणि दरपत्रक असलेलं पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. त्या प्रतीचं नाव बदला, नव्या नावात एक जागा आणि देवनागरी अक्षरं असू द्या. पेन ड्राइव्हवरच्या दरपत्रकात एक दर मुद्दाम एक रुपयाने बदला. आता एक्सेल पूर्ण बंद करून पेन ड्राइव्हवरची बिलाची फाइल डबलक्लिकने उघडा आणि मॅक्रो चालवा. बिलात बदललेला दर आला पाहिजे, आणि बी३ मध्ये पेन ड्राइव्हचा पत्ता दिसला पाहिजे. मग दुसऱ्या कंप्युटरवर हेच करा, तिथे पेन ड्राइव्हला वेगळं अक्षर मिळेल. शेवटी पेन ड्राइव्हवरचं दरपत्रक तात्पुरतं दुसरीकडे हलवून मॅक्रो चालवा आणि तो गुपचूप दुसरी कुठली फाइल न उघडता थांबतो ना, ते बघा.

दूध बिलाच्या फाइलमध्ये बी३ चा हा खाना मी छपाईच्या हद्दीत घेतला आहे. दर दहा दिवसांच्या गोषवाऱ्याच्या तळाशी, कुठल्या फोल्डरमधलं कुठलं दरपत्रक वापरलं तो पूर्ण पत्ता छापून येतो, आणि सचिव सही करण्याआधी ती ओळ वाचतात.